केडगांवची वाट आणि परार्थ प्रार्थना

पुण्याहून दौंडकडे जाणारा लोहमार्ग पहिले कांहीं कोस शहराची शेंपटी ओढीतच धांवतो. हडपसर, मांजरी, लोणी हीं स्थानकें आतां पुण्याचींच उपनगरें होऊन बसलीं आहेत. घरांवर घरें चढलेलीं आणि मधून एखादा उसाचा तुकडा कसाबसा जीव धरून राहिलेला. उरुळी आली म्हणजे डोळ्यांस थोडी मोकळीक मिळते. येथेंच १९४६ सालीं महात्माजींनीं निसर्गोपचाराचा आश्रम मांडला, हें बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. पुढें यवत, मग खुटबाव, आणि त्यानंतर केडगांव. पुण्यापासून अंतर चौतीस-पस्तीस मैलांचें. हिवाळ्यांत ह्या बाजूस आलें कीं गुऱ्हाळांचा धूर दिसूं लागतो व उकळत्या रसाचा वास गाडीच्या खिडकींतून आंत शिरतो.

केडगांवीं पाहण्यासारखीं स्थळें दोन, आणि दोहोंकडे जाणारे प्रवासी बहुधा निरनिराळे. एक नारायणमहाराजांचें बेट व तेथील दत्तमंदिर. आपल्या घरांतून केडगांवास जाणारी मंडळी तेथें दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि परतीची गाडी गांठतात. दुसरें स्थळ पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन. तिकडे आपली पावलें सहसा वळत नाहींत. आम्ही उभयतां गेल्या माघांत दत्तदर्शनास गेलों होतों. दर्शन लवकर आटोपलें आणि परतीच्या गाडीस बराच अवकाश होता, म्हणून मुक्तिसदन पाहण्याचें ठरविलें. आमच्या सौभाग्यवतींनीं प्रथम थोडी कांकूं केली. त्यांच्या आजोळीं रमाबाईंचें नांव आवाज उतरवून घेत असत. माझ्याही घरीं कांहीं निराळें नव्हतें. परंतु नांव उतरत्या आवाजांत घेतलें जातें त्या माणसाचें घर एकदां उघड्या डोळ्यांनीं पाहावें, असें मला फार दिवस वाटत होतें.

आवार मोठें आहे. रमाबाईंनीं येथें सुमारें शंभर एकर जमीन घेतली ती कांहीं अनाथाश्रमासाठीं नव्हे. पुण्याच्या शारदासदनास अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांच्या बोलीची होती. ती संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावें, एवढाच तो साधा प्रापंचिक हिशेब. विहिरी खणविल्या, झाडें लावलीं. ज्या जागेंत संत्रीं-लिंबें पिकावयाचीं तेथें हजारों माणसें येऊन राहिलीं, हा ह्या जागेचा इतिहास. शारदासदनाच्या जोडीस पुढें येथें चुकलेल्या किंवा फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन झालें, वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठीं प्रीतिसदन झालें, आणि बायबलांतील बार्तीमय नांवाच्या आंधळ्याच्या आठवणीनें आंधळ्यांसाठीं बार्तिमी सदन झालें. तेथें आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपि शिकविली जात असे. नांवें ठेवण्यांतही संस्कृत घरांतील मुलीचा हात ओळखूं येतो.

प्रार्थनामंदिर प्रशस्त आहे. आम्ही गेलों तेव्हां तेथें कोणी नव्हतें. एक चिमणी मात्र वरच्या झरोक्यांतून येजा करीत होती. सौभाग्यवती दाराशीं थांबल्या, मी आंत जाऊन एका कडेस बसलों. ह्या जागीं शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं काय घडत होतें तें मीं वाचलें होतें, आणि तें पुन्हां मनाशीं जुळवून पाहावें म्हणूनच आलों होतों.

रमाबाईंचें पूर्ववृत्त वाचकांस थोडें आठवून देतों. जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनीं लोकापवाद पत्करून पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविलें, आणि पुढें घरदार सोडून सर्व कुटुंबासह तीर्थामागून तीर्थ हिंडत, पुराण सांगत दिवस काढले. दुष्काळ आला तेव्हां हातीं होतें नव्हतें तें दानधर्म, व्रतें, उपवास, अनुष्ठानें ह्यांत संपलें. दागिने गेले, भांडीं गेलीं. १८७४ सालीं वडील गेले, पाठोपाठ आई गेली, वडील बहीणही गेली, सर्व उपासमारीनें. उरलेलीं दोघें बहीणभाऊ पायीं चालत हजारों मैल हिंडलीं आणि १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं ह्या वीस वर्षांच्या मुलीस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या.

हा वृत्तांत रमाबाईंनीं स्वतः लिहून ठेवला आहे. शास्त्राध्ययन झालेल्या घरांतील कोणाही माणसास तो वाचतांना चरका बसतो. त्या कुटुंबाची प्रार्थना स्वतःसाठीं होती. परंतु भुकेल्यानें भाकर मागितली तर त्यास स्वार्थी कोण म्हणेल? मागणें गैर नव्हतें. त्या मुलीच्या मनांत मात्र एक प्रश्न रुतून बसला असावा. आपण एवढीं वर्षें रात्रंदिवस मागत होतों, तेव्हां आपल्यासाठीं कोणी मागत होतें काय? हा प्रश्न त्यांनीं ह्या शब्दांत कोठें विचारलेला नाहीं. तो मी त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून वाचतों.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज गांवच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठांत राहिल्या. त्या भगिनींनीं फुलहॅम येथें पतित स्त्रियांसाठीं चालविलेलें गृह त्यांनीं पाहिलें, आणि ज्यांस समाजानें टाकून दिलें त्यांच्याकडे इतक्या मायेनें पाहिलें जातें हें पाहून त्या थक्क झाल्या. विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी बाईशीं ख्रिस्त बोलत बसला, ही कथा त्यांस तेथेंच सांगण्यांत आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यावर पुण्यांत काय गहजब झाला तो येथें उगाळण्याचें कारण नाहीं.

परंतु १८९३ ची गोष्ट मात्र टाळतां येत नाहीं, कारण आपल्या विषयाची खरी कसोटी तेथेंच आहे. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन निघालें, पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. विधवा ब्राह्मण मुलींसाठीं निघालेल्या ह्या संस्थेंत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, अशी बोली होती. रमाबाईंनीं शिकवणींत ती पाळली. परंतु स्वतःची प्रार्थना त्या आपल्या खोलींत, दार उघडें ठेवून करीत, आणि कोणी मुलगी येऊन बसली तर तिला उठवीत नसत. मुली बसूं लागल्या. 'केसरी'नें टीकेची झोड उठविली, पालकांनीं मुली काढून नेल्या, आणि सदनाचे हितचिंतक न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांनींही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला.

आतां विचार करूं. रमाबाई त्या मुलींसाठीं प्रार्थना करीत होत्या हें निर्विवाद. परंतु ती प्रार्थना निःस्वार्थ होती काय? दुसऱ्याचें भलें व्हावें असें मागतांना 'तो माझ्यासारखा व्हावा' हें मागणें त्यांत मिसळलें, तर तें परार्थ उरतें कीं आपल्याच पंथाची वाढ मागणें होतें? आपल्या आजोबा-पणजोबांनीं हाच प्रश्न रागानें विचारला. राग वजा केला तरी प्रश्न उरतोच, आणि तो केवळ ख्रिस्ती लोकांसच लागू नाहीं. मुलाला आपल्याच वळणाचें करून दे असें देवाजवळ मागणारा प्रत्येक बाप त्याच प्रश्नांत सांपडतो.

मला वाटतें, रमाबाईंच्या बाजूनें दोन गोष्टी सांगतां येतात. एक अशी कीं ख्रिस्ती माणसास आपलें सर्वांत मोठें धन तेंच वाटतें. तें दुसऱ्यास न मागणें हाच त्याच्या मतें कृपणपणा. दुसरी गोष्ट अधिक वजनाची. सदनाच्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची एक विधवा मुलगी होती. ती ख्रिस्ती झाली नाहीं. १८९३ सालीं तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं झाला, आणि आनंदीबाई कर्वे ह्या नांवानें ती महाराष्ट्रास माहीत झाली. 'माझें पुराण' ह्या तिच्या आत्मचरित्रांत रमाबाईंविषयीं जिव्हाळाच आहे. आपण केलेल्या प्रार्थनेप्रमाणें जी वागली नाहीं तिच्यावरची माया कमी झाली नाहीं, ही परार्थ प्रार्थनेची बरीच खरी परीक्षा म्हणावी लागेल. तरी ज्या पालकांनीं मुली काढून नेल्या त्यांस मी दोष देणार नाहीं. बोली ती बोली. उघडें दार हें कांहीं अगदीं मुकें नसतें.

ह्याहूनही अवघड जागा पुढें आहे. १८९६ सालीं लोणावळ्यास ख्रिस्ती मंडळींचा मेळावा भरला होता. रमाबाई आपल्या पंधरा मुलींसह तेथें गेल्या होत्या. एके दिवशीं पहांटे एकांत जागीं जाऊन त्यांनीं देवाजवळ मागितलें, कीं ह्या पंधरांचा वर्ग कर. पुढील मेळाव्याच्या आंत दोनशें पंचवीस मुली दे. गणित शिकविण्यांत ज्यांचा जन्म गेला त्यांस ह्या मागणीचें हसूं आल्यावांचून राहणार नाहीं. देवाजवळ वर्गाचें उदाहरण घालणारी भक्ती आपल्या वाचनांत दुसरी नाहीं. परंतु हसूं फार वेळ टिकत नाहीं, कारण त्याच वर्षीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, आणि रमाबाई तेथून सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. मागितल्या त्याहून जास्तच मिळाल्या.

मग देवानें ही मागणी पुरविण्याकरितां दुष्काळ पाडला काय? असा प्रश्न कोणीही विचारील, आणि विचारलाच पाहिजे. संख्या मोजून आत्मे मागणारी प्रार्थना मला आवडत नाहीं, हें मी मोकळेपणानें सांगतों. जनगणनेचा व भक्तीचा संबंध जितका थोडा तितका बरा. परंतु रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या तेव्हां काय झालें तें पाहावें. रस्त्याच्या कडेस हाडांचे सांपळे होऊन पडलेल्या मुली पाहतांच त्यांस वीस-बावीस वर्षांपूर्वींचें आपलें घर आठवलें; आपली आई, आपले वडील आठवले. हें त्यांनींच लिहिलें आहे. तेथें दोनशें पंचवीसचा आंकडा गळून पडला आणि एकेक चेहरा उरला. त्याच वेळीं पुण्यांत प्लेगचा कहर. सरकारी निर्बंधांमुळें एवढ्या माणसांस शहरांत ठेवतां येईना. म्हणून त्या सर्वांस केडगांवच्या बागेंत आणलें, आणि तंबूंत व गवताच्या झोंपड्यांत बिऱ्हाड मांडलें. पुढें १८९९-१९०० चा गुजराथचा दुष्काळ आला, आणि मुक्तींतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. दोन हजार पोटांस दोन वेळां अन्न, अंगावर वस्त्र, डोक्यांतल्या उवा, अंगावरची खरूज, हागवण, मरणें. त्या प्रार्थनेचें उत्तर हें असें आलें, आणि तें अंगावर घ्यावें लागलें.

ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे १९०५ सालीं येथें जें घडलें त्याचा अर्थ लागतो. त्या वर्षाच्या आरंभीं रमाबाईंनीं प्रार्थनेचें एक विशेष मंडळ काढलें. प्रथम सुमारें सत्तर जणी रोज सकाळीं जमत. मागावयाचें तें हें, कीं भारतांतील सर्व ख्रिस्ती लोकांचें, आपण धरून, खरें हृदयपरिवर्तन व्हावें, आणि सर्व देशांतील ख्रिस्ती मंडळींवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा. 'आपण धरून' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. दुसऱ्यांसाठीं प्रार्थना करणारा सहज उंच पायरीवर जाऊन बसतो. ह्या मंडळानें ती पायरी आधींच काढून टाकली. मंडळ वाढत गेलें. जून महिन्याच्या अखेरीस मुलींत भावनेचा असा कांहीं उद्रेक झाला, कीं रडणें, कांपणें, पापें उघड सांगणें, सर्वांनीं एकाच वेळीं मोठ्यानें प्रार्थना करणें ह्यांनीं हें मंदिर दुमदुमून गेलें. वेल्स देशांत १९०४ सालीं अशीच लाट उठली होती. कित्येक ख्रिस्ती धर्मोपदेशकांसही हा प्रकार रुचला नाहीं. आपल्याकडील नामसंकीर्तनांत स्वेद, रोमांच, अश्रु हे सात्त्विक भाव ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस त्याचें फारसें नवल वाटूं नये. पण त्यावर फार भरही देऊं नये. मला त्या गदारोळापेक्षां दुसरीच एक शांत गोष्ट मोठी वाटते. मुलींस नांवांच्या याद्या वाटून दिलेल्या असत, आणि त्या रोज नांवानिशीं प्रार्थना करीत. अशीं हजारों नांवें होतीं. बहुतेक माणसें त्या मुलींनीं जन्मांत पाहिलेलीं नव्हतीं व पुढें पाहावयाचींही नव्हतीं.

संकल्प सोडतांना आपण काय करतों तें आठवा. देश, काळ, नदी, संवत्सर, तिथि, वार, नक्षत्र हें सर्व बिनचूक सांगून मग आपलें गोत्र व नांव सांगतों, आणि 'मम' म्हणून पुढचें मागतों. विश्वाच्या पसाऱ्यांत पत्ता चुकूं नये अशी ती तजवीज. केडगांवच्या त्या दुष्काळांतून उचललेल्या मुली तीच तजवीज दुसऱ्याच्या नांवासाठीं करीत होत्या. 'सर्वांचें कल्याण होवो' असें म्हणणें सोपें असतें; त्यांत शेजारच्या घरांतील भांडखोर मनुष्य सुखरूपपणें विसरतां येतो. नांव घ्यावयाचें म्हटलें कीं तो विसरतां येत नाहीं.

ख्रिस्ती लोक ह्या प्रकारास मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. त्यांच्या ग्रंथांत तिच्या कथा फार जुन्या आहेत. सदोम नगराचा नाश होणार असें कळतांच अब्राहाम देवाशीं अक्षरशः घासाघीस करतो. पन्नास नीतिमान् माणसें सांपडलीं तर नगर वांचवशील ना, बरें पंचेचाळीस, बरें चाळीस, असें करीत दहांपर्यंत येतो. मंडईंत भाजी घेणाऱ्या आपल्या बायकांस तो जवळचा वाटेल. मोशे तर म्हणतो कीं ह्या लोकांस क्षमा होणार नसेल तर तुझ्या पुस्तकांतून माझेंही नांव खोडून टाक. ईयोब नांवाचा दुःखाचा डोंगर झालेला मनुष्य. त्याची दैन्यावस्था पालटते ती त्यानें आपल्याला बोल लावणाऱ्या मित्रांसाठीं प्रार्थना केल्यावर. आणि स्वतः ख्रिस्त क्रूसावर असतां, मारणाऱ्यांसाठींच क्षमा मागतो. त्यानें शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तींत 'मी' नाहीं कीं 'माझें' नाहीं. भाकर मागावयाची तीही 'आमची'. हें वाचलें तेव्हां मला गायत्रींतील 'नः' ची आठवण झाली. षष्ठीचें बहुवचन. मुंजीपासून आपण तें म्हणत आलों, पण त्या बहुवचनांत कोणकोण येतात ह्याची चौकशी फारशी केली नाहीं.

आपल्याकडे ही दृष्टि नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. भागवताच्या नवव्या स्कंधांतील रंतिदेव राजा अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपवासानंतर हातांतले पाणीही तहानलेल्यास देतो, आणि मोक्ष न मागतां सर्व प्राण्यांचें दुःख आपल्यांत यावें असें मागतो. रामानुजाचार्यांनीं गुरूनें दिलेला गुप्त मंत्र देवळाच्या गोपुरावर चढून सर्वांस ऐकविला; आपण नरकांत गेलों तरी चालेल, एवढे लोक तर तरतील, ही त्यांची भूमिका. मोशे आणि रामानुज एकमेकांस भेटते तर भाषा निराळी असूनही त्यांचें चांगलें जमलें असतें. ज्ञानेश्वरांनीं ग्रंथाच्या शेवटीं मागितलें तें कोणासाठीं, हें मराठी घरांत सांगावयास नको. आपल्या नित्याच्या तर्पणांतसुद्धां ज्यांस कोणी नाहीं, जे बांधव नव्हते, अशांच्या नांवानेंही एक ओंजळ सोडण्याची सोय पूर्वजांनीं करून ठेवली आहे. फरक असलाच तर इतका, कीं आपण ती ओंजळ मेलेल्यांसाठीं सोडतों. जिवंत, बिनगोताच्या, खरजेनें भरलेल्या मुलीस घरांत आणण्याचा विधि कोणत्याही प्रयोगग्रंथांत मला आढळला नाहीं.

मंदिरांतून बाहेर पडून आम्ही छापखान्याकडच्या बाजूस गेलों. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सर्व बायबलाचें मराठी भाषांतर केलें. ज्यांचें संस्कृत ऐकून कलकत्त्याचे पंडित डोलले, त्यांनीं ह्या भाषांतरांत संस्कृताचा डौल मुद्दाम टाकला, कां तर खेड्यांतील अडाणी बाईस तें वाचतां यावें. आम्हां संस्कृतवाल्यांस हा त्याग केवढा तें कळेल. खिळे जुळविणें, छापणें, पुस्तकें बांधणें हें सर्व काम येथील स्त्रियाच करीत. २४ जुलै १९२१ रोजीं एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली; ती आईचा उजवा हात होती. रमाबाई स्वतः थकलेल्या होत्या, शेवटचीं मुद्रितें तपासावयाचीं राहिलीं होतीं. त्यांनीं देवाजवळ आणखी दहा दिवस मागितले, काम पुरें केलें आणि मग डोळे मिटले, अशी आठवण सांगतात. तारीख ५ एप्रिल १९२२. स्वतःसाठीं मागितलेले ते दहा दिवसही खेड्यांतल्या त्या अडाणी बाईच्याच खात्यावर जमा धरावे लागतील.

सौभाग्यवती एव्हांना बऱ्याच बोलक्या झाल्या होत्या. 'दोन हजार माणसांचा स्वयंपाक कशावर करीत असतील हो?' हा त्यांचा प्रश्न माझ्या सर्व प्रश्नांपेक्षां व्यवहाराचा होता. सरपण, पीठ, पाणी ह्यांचा हिशेब करीत आम्ही स्थानकावर आलों.

गाडी उशीरा होती. आमच्या बांकावर एक सत्तरी ओलांडलेल्या बाई बसल्या होत्या. नऊवारी नव्हे, साधें पांढरें पाचवारी लुगडें, गळ्यांत बारीक साखळीस क्रूस. बोलतां बोलतां कळलें कीं त्या निवृत्त परिचारिका, आणि त्यांची आजी गुजराथच्या दुष्काळांतून लहानपणीं मुक्तींत आलेली होती. त्यांच्या मांडीवर शाळेंतल्या मुलांसारखी एक वही होती. मला वह्यांची सवय. मी विचारलें, 'हिशेब लिहितां काय?'

'नाहीं हो गुरुजी, नांवें आहेत,' त्या म्हणाल्या. 'आजी यादी धरून प्रार्थना करी. तिला लिहितां येत नव्हतें तोंवर पाठ करी. मी लिहून ठेवतें.' वही त्यांनीं मोकळेपणानें पुढें केली. नांव, गांव, आणि समोर एकदोन शब्द: 'मुलगा रुसून गेला', 'दमा', 'कर्ज', 'नोकरी'. कांहीं नांवें स्पष्टच आपल्या लोकांचीं होतीं, एक-दोन मुसलमानांचीं. कांहीं खोडलेलीं. 'खोडलेलीं म्हणजे काम झालें असें काय?' 'कधीं काम होतें. कधीं माणूसच जातें. तेव्हां मग घरच्यांचें लिहितें.'

मीं विचारलें, 'आणि स्वतःसाठीं काय मागतां?'

त्या हसल्या. 'माझी पाळी शेवटीं ठेवलेली आहे. तोंवर बहुतेक झोंपच लागते.'

सौभाग्यवती इतका वेळ गप्प होत्या. त्यांची धाकटी बहीण महिनाभर रुग्णालयांत होती. डॉक्टर रोज निराळें सांगत होते. आम्ही दत्तदर्शनास आलों होतों तेंही त्याचसाठीं. त्यांनीं माझ्याकडे एकदां पाहिलें आणि त्या बाईंस म्हणाल्या, 'आमच्या बहिणीचें नांव लिहाल का?'

बाईंनीं लगेच लेखणी काढली. मला राहवेना. १८९३ सालचा प्रश्न माझ्या जिभेवर आला, आणि शिक्षकाच्या संवयीनें तो मीं आडपडदा न ठेवतां विचारला. 'बाई, राग मानूं नका. पण तुम्ही तिच्यासाठीं नक्की काय मागणार? ती बरी व्हावी हें, कीं तिनें तुमचा धर्म घ्यावा हें?'

बाईंनीं थोडा विचार केला. मला तें आवडलें. 'गुरुजी, माझ्या मनांत तें येणार नाहीं असें मी खोटें कशाला सांगूं? मला जें गोड लागलें तें दुसऱ्यानें चाखावें असें वाटतेंच. पण तुमच्या घरच्यांनीं मला दुखणें सांगितलें आहे. मी दुखणेंच मागेन. बरी होऊं दे म्हणेन. पुढचें तो आणि ती पाहतील.' मग सौभाग्यवतींकडे वळून म्हणाल्या, 'ताई, पूर्ण नांव सांगा. आणि कुठें दुखतें तेंही सांगा. नुसतें आजारी म्हणून मला मागतां येत नाहीं.'

सौभाग्यवतींनीं सर्व सांगितलें. डॉक्टरांनीं काय म्हटलें, रात्रीं झोंप लागत नाहीं, धाकट्या मुलीचें लग्न ठरलेलें आहे, जांवयास रजा मिळत नाहीं. मला ह्यांतील निम्मेंही ठाऊक नव्हतें. बाई लिहून घेत होत्या. मधून त्यांनीं परिचारिकेच्या धोरणानें दोन प्रश्न औषधांविषयीं विचारले, आणि एका तपासणीविषयीं डॉक्टरांना जरूर विचारा असें बजावलें.

गाडी आली. आम्ही एकाच डब्यांत चढलों. खुटबावास त्या उतरल्या. फलाटावरून त्यांनीं खिडकीशीं येऊन पुन्हां एकदां नांव विचारून खात्री करून घेतली. 'सुमन कीं सुमती', असें त्यांस अक्षर नीट लागेना. सौभाग्यवतींनीं मोठ्यानें सांगितलें, आणि गाडी हलली.